गरम पाण्याच्या कुंडावर जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईचे गुडघे धरायला लागले तेव्हापासून थंडीच्या दिवसांत महिन्यातून एखादी तरी फेरी आमची गणेशपुरीला किंवा अकलोलीला होते. हे कळल्यापासून नातेवाईक, सोसायटीतले आणि ऑफिसातले लोक फोन करून तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा लिहूनच काढली. मी डॉक्टर नाही. आजारांबद्दल जे लिहिलंय ते आईच्या डॉक्टरांशी बोलून लिहिलंय. तुमचं दुखणं तुमच्या डॉक्टरांना माहीत, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा.

महाराष्ट्रात अशी कुंडं कुठे कुठे आहेत?

मुंबई-ठाण्याकडच्यांना जवळची म्हणजे तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. तिन्ही गावं एकमेकांना लागून आहेत, एका सकाळी तिन्ही होतात. रायगडात पालीजवळ उन्हेरे आणि महाडजवळ सावित्रीकाठी सव. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यात मुंबई-गोवा हमरस्त्याच्या आसपास आरवली, तुरळ आणि राजवाडी, आणि खाली राजापूरला उन्हाळे, जिथली गंगा तिच्या मनाला येईल तेव्हा प्रकट होते. कोकणाबाहेर जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर.

उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर ही नावं ओळीनं वाचा. सगळ्यांत ‘ऊन’ आहे. ‘ऊन ऊन भात’ म्हणताना आपण जो शब्द वापरतो तोच. गावाच्या नावातच सूचना देऊन ठेवली आहे, आपण ती न वाचता पाय घालतो आणि मग ओरडतो.

पाणी गरम कशामुळे होतं? खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्ह्याचाच आहे, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. आजच्या उष्णतेशी त्याचा संबंध नाही. पावसाचं पाणी जमिनीतल्या भेगांमधून खूप खोल मुरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसं दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. तिथं तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून झपाट्यानं वर आलं, म्हणजे वाटेत निवायला वेळ मिळाला नाही, की झरा गरम राहतो. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात अशा उत्तर-दक्षिण भेगा आहेत, म्हणून आपले बरेचसे झरे त्या एका ओळीत सापडतात.

येताना पाणी खडकातले क्षार विरघळवून आणतं, त्यामुळे ते जिभेला मचूळ लागतं. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या गंधकाच्या वायूचा. उघड्यावर त्याचा काही त्रास नाही. पण खिडकी नसलेल्या बंद न्हाणीघरात हेच पाणी भरून बसणार असाल तर दार किलकिलं ठेवा. डोकं दुखायला किंवा डोळे चुरचुरायला लागले की बाहेर या.

पाणी नक्की किती गरम असतं?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, खरं तर तो पहिला हवा. आपलं शरीर ३७ अंश सेल्सिअसचं. घरी आपण ज्याला ‘कडकडीत’ म्हणतो ते आंघोळीचं पाणी ४० ते ४२ अंशांचं असतं. गरम टबसाठी सुरक्षित मर्यादा ४० अंश मानतात. तानसेकाठच्या कुंडांत कुंडागणिक फरक आहे, कुठे चाळिशीचं, तर कुठे पन्नाशी गाठणारं. उन्हेऱ्याचं अंगाला सोसवेल असं. उन्हवऱ्याला मात्र उगमापाशी ते सत्तर अंशांच्या आसपास असतं, तिथं हात घालायचाच नाही. ते पाणी वाहत, निवत पुढच्या कुंडात येतं, आंघोळ तिथं करायची.

हे आकडे कशाला लक्षात ठेवायचे ते सांगते. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचएक सेकंदांत खोलवर भाजू शकतं. ५० अंशांना त्याच कामाला काही मिनिटं लागतात. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या पातळ कातडीला त्याहून कमी. म्हणून कुंडात उतरण्याआधी तांब्यानं पाणी काढून कोपरावर ओतून बघा. तळहात आणि तळपाय राठ असतात, ते खरं सांगत नाहीत. आदल्या वर्षी सोसलं म्हणून यंदा सोसेल असंही नाही. पावसाळ्यानंतर, कुंड उपसल्यावर, कुणी वरचं थंड पाणी सोडलं-बंद केलं की फरक पडतो.

किती वेळ बसावं?

पहिल्यांदा पाच मिनिटं. सवय झाल्यावर दहा. मग बाहेर येऊन कठड्यावर निवांत बसायचं, पाणी प्यायचं, घाम थांबला की वाटल्यास पुन्हा उतरायचं. अशा दोन, फार तर तीन फेऱ्या. ‘एवढं लांब आलोय तर तासभर बसून घेऊ’ हा हिशेब थाळीच्या जेवणाला ठीक, इथं नाही.

उतरताना एकदम गळ्यापर्यंत जायचं नाही. आधी पायऱ्यांवर बसून पाय सोडायचे, पायांवर, मांड्यांवर, खांद्यांवर तांब्यानं पाणी घ्यायचं, मग कमरेपर्यंत. काही जणांना कमरेपर्यंतच पुरतं. आईचं दुखणं गुडघ्याचं, ती पोटऱ्या-गुडघे बुडवून पायरीवर बसते आणि शेजारच्या बायकांशी सुनांच्या गप्पा मारते. तिला तेवढंच मानवतं.

खरी काळजी बाहेर येताना घ्यायची. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. तसंच ताडकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खाली असते शेवाळलेली फरशी. कुंडावर जी माणसं पडतात ती बहुतेक बाहेर येतानाच. आधी पायरीवर बसा, मिनिटभर थांबा, कठडा धरा, मग उठा. आणि तिथून थेट तानसेच्या थंड पाण्यात उडी मारू नका. तरुण पोरं मारतात, खरं आहे. हृदयाला तो झटका झेपेल की नाही हे आधी कुणाला कळत नाही.

उपाशी जावं की जेवून?

दोन्ही नको. भरल्या पोटी मळमळतं, रिकाम्या पोटी चक्कर येते. निघताना पोहे-उपमा खाल्लेला असावा आणि मध्ये तासभर गेलेला असावा. पाण्याची बाटली न विसरता. कुंडात घाम येतो पण ओल्या अंगावर तो कळत नाही, त्यामुळे तहान उशिरा लागते. शहाळं मिळालं तर उत्तमच.

जाण्याची चांगली वेळ कोणती?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मधला वार, पहाट. सूर्य उगवायच्या आधी पाण्यावर वाफ असते, गर्दी नसते, कुंडही रात्रभरात जरा स्वच्छ झालेलं असतं. रविवारी दुपारी त्याच कुंडात गुडघ्याला गुडघा लागतो. वज्रेश्वरीची चैत्र अमावास्येची जत्रा देवीला भेटायला सुंदर, आंघोळीला नाही. देऊळही बघाच, चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस बोलून १७३९च्या विजयानंतर बांधवलं असं सांगतात. पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत. गुडघ्याच्या पेशंटनं आधी देऊळ आणि मग कुंड असा क्रम ठेवावा, म्हणजे पायऱ्यांनी दुखावलेल्या गुडघ्याला शेकही मिळतो आणि सैलावलेल्या पायांनी पायऱ्या उतरायची वेळ येत नाही.

पावसाळ्यात नदीकाठच्या कुंडांवर जाऊ नका. नदीचं पाणी कुंडात शिरतं आणि गाळ भरतो. वर धरणं आहेत, तेव्हा इथं ऊन पडलेलं असतानाही पात्रातलं पाणी अचानक वाढू शकतं.

कपडे कसले घालावेत?

पुरुषांनी हाफ पँट, बायकांनी सुती पंजाबी ड्रेस किंवा गुडघ्याखालपर्यंतचा गाऊन. नुसती अंतर्वस्त्रं घालून उतरू नये. आजूबाजूला देऊळ असतं, गावातल्या बायका-पोरी येत-जात असतात. साडी नेसून उतरायची सवय असलेल्या आजी असतात, त्यांना फक्त एवढं सांगा की भिजलेली नऊवारी फार जड होते आणि निऱ्या पायात येतात, तेव्हा कुणाचा तरी हात हवा. पोहण्याचा पोशाख बंदिस्त खाजगी कुंडात चालतो, गावच्या कुंडावर सगळ्यांच्या नजरा वळतात. त्यात दोष कुणाचा यावर वाद घालता येईल, पण भिजलेल्या अंगानं वाद घालायची इच्छा नसते.

रबरी चपला जवळ ठेवा. काठावरचे दगड उन्हात तापतात, आणि शेवाळ तर आहेच. आंघोळीनंतर बदलायचे कपडे सुटसुटीत असू द्या. आडोशाच्या खोल्यांना खुंटी असेलच असं नाही, कडी असेलच असंही नाही.

कुंडात साबण लावला तर काय बिघडतं?

सगळंच. बऱ्याच कुंडांत पाणी संथ वाहतं, तुमचा फेस तुमच्यानंतरच्या दहा जणांच्या अंगाला लागतो. साबण, शाम्पू, शिकेकाई, उटणं, डोक्याला थापलेलं तेल, यातलं काही कुंडात नको. आधी बाहेर नळावर किंवा बादलीनं अंग धुऊन घ्यायचं, पाय घासायचे, मगच उतरायचं. ही रीत जुनीच आहे. नदीवरसुद्धा आपल्या आज्या पाय धुऊन पाण्यात शिरायच्या.

कपडे धुणं, चूळ भरणं, नाक शिंकरणं, तंबाखूची पिचकारी, दाढी करणं हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. एकदा एका गृहस्थांना मी म्हटलं, ‘काका, तिकडे नळ आहे.’ काका म्हणाले, ‘वाहतं पाणी आहे, ताई.’ वाहत होतं, माझ्याकडे. गरम झऱ्याशी अंडी उकडायचा किंवा पोटलीत तांदूळ शिजवायचा प्रयोगही करू नका. हिमाचलात मणिकरणला तांदूळ शिजवतात, पण ती जागा त्यासाठी राखलेली आहे, आंघोळीची नाही.

फुलं, हळदकुंकू, नाणी, उदबत्तीची पाकिटं देवळात ठेवा. कुंडातलं निर्माल्य दोन दिवसांत कुजतं, आणि ते काढायला गावातलंच कुणीतरी उतरतं.

बायकांसाठी वेगळी सोय असते का? फोटो काढलेले चालतात का?

बऱ्याच ठिकाणी बायका-पुरुषांची कुंडं वेगळी आहेत किंवा मध्ये भिंत आहे. जिथं नाही तिथं गावाची वेळेची काहीतरी पद्धत असते. पोचल्यावर आधी विचारावं. पाच-सहा वर्षांवरच्या मुलाला आईनं बायकांच्या कुंडात आणू नये, हे आता मोकळेपणानं सांगायला हवं.

फोटो देवळाचे काढा, वाफेचे काढा, माणसांचे नाही. बंदिस्त जागेत आंघोळ करणाऱ्या बाईचं तिच्या संमतीशिवाय चित्रीकरण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. रील करणाऱ्यांच्या मागे कोण दिसतंय हे त्यांना घरी गेल्यावर कळतं, तोवर ते टाकून झालेलं असतं. तुमच्या मागे कुणी मोबाइल उभा धरला तर गप्प बसू नका. मोठ्यानं विचारलं की आजूबाजूच्या बायका आपोआप उभ्या राहतात.

पाळी सुरू असेल तर?

वैद्यकीय बाजू अशी: कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर गरम पाण्यानं अपाय नाही, उलट पोटातल्या कळा कमी होतात. पॅड घालून मात्र सार्वजनिक पाण्यात उतरू नये. रक्तस्राव जास्त असेल किंवा चक्कर येत असेल तर राहू द्या. देवळाला लागून असलेल्या कुंडावर गावाचा रिवाज वेगळा असू शकतो. त्या रिवाजाबद्दल माझं मत चांगलं नाही, पण तिथं कुणी विचारत नाही आणि तुम्हीही सांगायला बांधील नाही.

बीपी आणि हृदयाच्या रुग्णांनी जावं का?

गोळीनं बीपी ताब्यात असेल तर कोमट कुंडात थोडा वेळ बहुतेकांना चालतं. पण बीपीची गोळी आणि गरम पाणी दोन्ही रक्तदाब उतरवतात, त्यामुळे भोवळीची शक्यता दुप्पट धरून चाला. एकट्यानं उतरायचं नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, अँजिओप्लास्टी झालीय, चालताना छातीत दुखतं, पायांवर सूज येते, हृदयाची झडप अरुंद आहे, बीपी वरचेवर उसळतं, यातलं काही असेल तर डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय नाही. अशांनी बादलीत पाय सोडून बसावं. बादलीतही तेच पाणी असतं.

मधुमेह आहे. पायांना बरं वाटेल म्हणून जायचंय.

सगळ्यात जास्त काळजी मला तुमचीच. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होतात. चटका बसतो पण कळत नाही. माणूस मजेत पाय सोडून बसतो, रात्री घरी मोजे काढताना फोड दिसतो. तो फोड चिघळला तर प्रकरण बोटं कापण्यापर्यंत जाऊ शकतं. पायांना मुंग्या येत असतील, चप्पल निसटलेली कळत नसेल, तर पाणी स्वतःच्या पायानं कधीच तपासू नका. बरोबरच्या धडधाकट माणसाला कोपर घालायला सांगा, आणि त्याला ‘छान कोमट आहे’ वाटलं तरच उतरा. भेगा, कुरूप, जखम असेल तर उतरूच नका. बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे आरशात किंवा कुणाकडून तपासून घ्या. अनवाणी तर अजिबात फिरायचं नाही.

दुसरी गोष्ट इन्शुलिनची. टोचल्यावर लगेच गरम पाण्यात बसलं तर ते रक्तात भराभर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं ही लक्षणं आणि कुंडातली गरगर दिसायला सारखीच, त्यामुळे ओळखायला उशीर होतो. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा, आणि बरोबरच्यांना आधीच सांगून ठेवा.

याच कारणानं, दुखण्यासाठी अंगावर औषधाची पट्टी म्हणजे पॅच लावलेला असेल तर गरम पाण्यात जाऊ नये. उष्णतेनं औषध जास्त शोषलं जातं. वेदनेवरचा बाम चोळूनही उतरू नये, आग आग होते.

गरोदर बाईनं जावं का?

पहिल्या तीन महिन्यांत नाहीच. आईच्या शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर गेलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीत दोष राहण्याचा धोका वाढतो. पुढच्या महिन्यांतही चक्कर येऊन पडण्याची भीती आहेच. पाय बुडवून बसायला हरकत नाही.

हे कुणी विचारत नाही, पण सांगते: मूल हवं म्हणून प्रयत्न चालू असतील तर नवऱ्यानंही आठवड्या-आठवड्याला गरम कुंडात बसू नये. उष्णतेनं शुक्रजंतूंची संख्या घटते आणि ती भरून यायला दोन-तीन महिने लागतात. नवस फेडायला जोडीनं जा, बसायचा हट्ट नको.

लहान मुलांना न्यावं का?

न्या, पण पाच वर्षांखालच्यांना कुंडात बसवू नका. त्यांचं अंग आपल्यापेक्षा लवकर तापतं आणि त्यांना ते सांगता येत नाही. पाणी कोमट करून तांब्यानं अंगावर घाला, त्यांना तेवढीच मजा वाटते. मोठ्या मुलांना पाच मिनिटं, हाताच्या अंतरावर. उड्या, पाणी उडवणं, पकडापकडी यांना कुंड ही जागा नव्हे, कारण शेजारी कुणाची तरी आजी डोळे मिटून बसलेली असते.

त्वचेचे आजार बरे होतात ना?

लोक मोठ्या श्रद्धेनं येतात, विशेषतः उनकेश्वर-उनपदेवला. गंधक त्वचेची वरची मृत खपली सैल करतं हे खरं. खरजेवरच्या जुन्या मलमांतही गंधक असायचं. त्यामुळे आंघोळीनंतर हलकं वाटतं. पण कुंडातलं गंधक मलमाइतकं नसतं. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी डॉक्टरांचं मलम लावायचं, कपडे-अंथरूण उकळायचं. नायटा, गजकर्ण हे बुरशीचे विकार, त्यांना ओल आणि घाम आवडतो, कुंडानं ते वाढतात आणि दुसऱ्यालाही लागू शकतात. एक्झिमा, सोरायसिस असलेल्यांची कातडी गरम पाण्यानं आणखी कोरडी पडते, खाज वाढते. थोडा वेळ, कोमट पाणी, आणि बाहेर आल्याबरोबर ओल्या अंगावर खोबरेल तेल, एवढं करून बघा. उघडी जखम, टाके, गळू असेल तेव्हा थांबा, तुमच्यासाठी आणि इतरांसाठीही.

कुष्ठरोगाच्या नावानं अजूनही काही जण कुंडावर महिनोन्महिने मुक्काम करतात. तो आजार सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या बहुविध औषधोपचारानं सहा महिने ते वर्षात बरा होतो. आंघोळ करा, गोळी चुकवू नका.

कुंडावरून आल्यावर एक-दोन दिवसांत, कपड्यांखालच्या भागावर बारीक पुळ्या उठल्या तर बहुतेक ते केसांच्या मुळांना झालेलं जंतूंचं इन्फेक्शन असतं. ओले कपडे अंगावर वाळवल्यानं ते वाढतं. सहसा आपोआप जातं, ताप आला तर दाखवा.

संधिवाताला गुण येतो का?

आईच्या अनुभवावरून: एक-दोन दिवस. शेकानं आखडलेले स्नायू सुटतात, पाण्यात वजन हलकं होतं, गुडघा वाकतो. त्याच वेळात हळूहळू व्यायाम करून घेतला तर फायदा जास्त टिकतो. झिजलेली गादी काही भरून येत नाही. सांधा लाल होऊन सुजलाय, हात लावला तरी ठणकतोय, तेव्हा शेक उलट त्रास देतो. ते दिवस टाळा.

डोकं बुडवून डुबकी मारायची की नाही?

नाही. तीर्थाची तीन डुबक्यांची सवय आहे, म्हणून कारण नीट सांगते. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा कोमट-गरम गोड्या पाण्यात राहतो आणि ४६ अंशांपर्यंतही वाढू शकतो. ते पाणी पोटात गेलं तर हा आजार होत नाही. नाकात जोरानं शिरलं तर मात्र तो वासाच्या नसेवरून मेंदूपर्यंत चढतो. आजार अत्यंत दुर्मीळ, पण झालेल्यांतले जवळपास सगळे दगावतात. केरळात २०२४ आणि २०२५मध्ये अमिबामुळे झालेल्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले तेव्हा तुम्ही हे वाचलं असेल. इंग्लंडमधल्या बाथ शहरात १९७८ साली गरम झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी याच आजारानं गेली आणि तिथली जुनी रोमन स्नानगृहं पोहण्यासाठी बंद झाली. न्यूझीलंडमध्ये गरम झऱ्यांच्या काठी ‘डोकं पाण्याबाहेर ठेवा’ अशा पाट्याच असतात.

म्हणून मान पाण्याबाहेर. तळाचा गाळ ढवळायचा नाही. देवासाठी तीन वेळा तांब्यानं खांद्यावर पाणी घ्या, ओंजळ कपाळाला लावा. पुढच्या बारा-पंधरा दिवसांत भयंकर डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणं असं काही झालं तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा आणि ‘आम्ही गरम कुंडावर गेलो होतो’ हे वाक्य आधी सांगा.

कॉन्टॅक्ट लेन्सही काढून ठेवा.

ते पाणी प्यावं का? घरी आणावं का?

पिऊ नका. त्यात क्षार, काही ठिकाणी फ्लोराइड जास्त असतं, आणि वर शंभर माणसांचे पाय. तीर्थ म्हणून थेंब जिभेला लावणारे लावतात, पेले भरून नको. बाटली भरून आणलेल्या पाण्याची उष्णता वाटेत जाते आणि वास दुसऱ्या दिवशी. मग उरतं मचूळ पाणी. आमच्या शेजारच्या काकूंनी ते तुळशीला घातलं, तुळस महिनाभर रुसली होती.

कुणाला भोवळ आली किंवा पोळलं तर काय करायचं?

भोवळ आलेल्याला धरून पाण्याबाहेर काढा, सावलीत आडवं करा, पाय उशीवर किंवा बॅगेवर उंच ठेवा, वारा घाला. शुद्धीवर आल्यावर घोट घोट पाणी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. छातीत दुखत असेल, बोलणं अडखळत असेल, दोन मिनिटांत हुशारी आली नाही, तर १०८ लावा.

पोळलं तर अंगठी-बांगड्या लगेच काढा, नंतर सुजेमुळे निघत नाहीत. साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. घड्याळ लावून वीस. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ सुती कपडा सैल गुंडाळून दवाखाना.

बिअर पिऊन बसलं तर मस्त वाटतं म्हणतात.

वाटत असेल. दारूनंही रक्तवाहिन्या सैलावतात, शरीरातलं पाणी कमी होतं आणि आपण किती तापलोय हे कळत नाही. गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो. शिवाय बाटली फुटली की काच कुंडाच्या तळाशी, आणि पाय कुणाचा तरी.

खाजगी लॉजची कुंडं घ्यावीत की गावची?

ज्येष्ठ आणि आजारी माणूस बरोबर असेल तर खाजगी. वज्रेश्वरी-अकलोलीच्या बाजूला झऱ्याचं पाणी टाकीत घेऊन स्वतंत्र न्हाणीघरं भाड्यानं देतात. पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: तुमच्यासमोर टाकी रिकामी करून पुन्हा भरतात का, थंड पाण्याचा नळ आहे का, आणि धरायला दांडा आहे का. एका ठिकाणी आम्हाला ‘ताजं पाणी आहे’ सांगितलं आणि तळाशी आदल्या कुणाची तरी टिकली चिकटलेली होती. आता आई आधी तळ बघते, मग दर विचारते.

जपान-न्यूझीलंडला गेलो तर नियम वेगळे आहेत का?

जपानच्या ओनसेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, सार्वजनिक कुंडात संपूर्ण विवस्त्र उतरतात. बायका-पुरुष बहुतेक ठिकाणी वेगळे. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, फेस पूर्ण काढायचा, मगच पाण्यात. हातातला छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. केस वर बांधायचे. गोंदण असलेल्यांना अनेक ठिकाणी प्रवेश नसतो, आधी विचारून जा. लाज वाटत असेल तर खाजगी खोलीतलं कुंड भाड्यानं मिळतं. न्यूझीलंडमध्ये पोहण्याच्या कपड्यांत चालतं, फक्त डोकं वर.

माझे चांदीचे पैंजण काळे पडले! खराब झाले का?

नाही. पाण्यातल्या गंधकानं चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो, बाकी काही नाही. ‘चांदी खोटी निघाली’ म्हणून सराफाशी भांडायला जाऊ नका, खरी चांदीही गंधकानं अशीच काळी पडते. एका भांड्यात तळाला ॲल्युमिनियमची फॉइल घाला, वर पैंजण, चमचाभर खाण्याचा सोडा, आणि बुडेल इतकं उकळतं पाणी. दहा मिनिटांत गंधक फॉइलकडे जातं आणि चांदी पुन्हा पांढरी होते. मोती, खडे किंवा मीनाकाम असेल तर हे करू नका, सराफाकडेच द्या. पुढच्या वेळी पैंजण, जोडवी, चेन घरी काढून ठेवा. माझी मावशी जोडवी काढत नाही, तिची बारा महिने काळीच असतात.